हौसा लोक बगदादहून आले का? एका दंतकथेची उलटतपासणी

पश्चिम आफ्रिकेवर काम करायचं म्हटलं की आपल्याकडच्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "हे लोक मूळचे कुठले?" हौसांच्या बाबतीत त्याचं तयार उत्तर इंटरनेटवर दोन मिनिटांत सापडतं. बगदादचा एक राजपुत्र आला, त्याने साप मारला, राणीशी लग्न केलं आणि त्याच्या वंशजांनी सात नगरराज्यं स्थापली. सिनॉप्सिसच्या पार्श्वभूमीत हे वाक्य टाकलं की एक परिच्छेद भरतो, गाइडही सहसा काही बोलत नाहीत.

आजची पोस्ट त्या एका वाक्याबद्दल आहे. ते खोटं आहे एवढंच सांगायचं असतं तर चार ओळी पुरल्या असत्या. पण ही गोष्ट कुणी, कधी आणि कशासाठी सांगितली याचा माग काढत गेलात तर हौसांच्या इतिहासाची जवळपास सगळी महत्त्वाची साधनं वाटेत भेटतात. म्हणून तिलाच धरून पुढे जाऊ.

आधी थोडी ओळख, कारण आपल्या अभ्यासक्रमात हे नाव फारसं येत नाही. हौसा लोकांची मुख्य वस्ती उत्तर नायजेरिया आणि त्याला लागून असलेल्या नायजर देशाच्या दक्षिण भागात आहे. भाषेचा पसारा मात्र त्याहून मोठा. पश्चिम आफ्रिकेत कितीतरी बाजारांत हौसा ही व्यवहाराची भाषा आहे, बोलणारे कोट्यवधी आहेत, आणि बीबीसीची हौसा रेडिओसेवा १९५७ पासून चालू आहे. जुन्या काळी मात्र "मी हौसा" असं म्हणण्यापेक्षा माणूस आपल्या शहराचं नाव सांगे. कानोचा तो बाकानो, अनेक असले तर कानावा; कात्सिनाचे कात्सिनावा, गोबिरचे गोबिरावा. ओळख शहराची होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गोष्ट. बायाजिद्दा नावाचा राजपुत्र बगदादहून निघतो आणि चाड सरोवराजवळच्या बोर्नू राज्यात येतो. तिथल्या राजाची मुलगी त्याला देतात, पण राजाला त्याची भीती वाटू लागते आणि त्याला पळ काढावा लागतो. वाटेत बायकोला बिराम इथे सोडतो, तिथे तिला मुलगा होतो. पुढे गाया इथले लोहार त्याला एक सुरा घडवून देतात. मग एका रात्री तो दौरा या गावी पोचतो (हे गावाचं नाव आहे, मंत्र्यांचा दौरा नव्हे) आणि एका म्हातारीकडे पाणी मागतो. म्हातारी म्हणते, पाणी फक्त शुक्रवारी मिळतं, कारण कुसुगू विहिरीत एक साप आहे. हा जातो, सापाचं मुंडकं उडवतो आणि पाणी घेऊन येतो. दौऱ्याची राणी दौरामा त्याच्याशी लग्न करते. तिचा मुलगा बावो. बावोचे सहा मुलगे आणि बिरामचा तो पहिला मुलगा मिळून सात राज्यं: दौरा, कानो, कात्सिना, झाझाऊ म्हणजे आजचं झारिया, गोबिर, रानो आणि बिराम. यांना म्हणतात हौसा बाक्वाई. बाक्वाई म्हणजे सात.

राणीने दिलेल्या दासीपासूनही बायाजिद्दाला मुलगा होतो, आणि त्या शाखेची आणखी सात राज्यं. ती बान्झा बाक्वाई. बान्झा म्हणजे फुकाचं, बिनकामाचं. या यादीत केब्बी, झाम्फारा, नुपे, ग्वारी, याउरी, क्वाराराफा, योरुबा अशी नावं येतात आणि सांगणाऱ्यागणिक थोडी बदलतात.

इथे थांबा आणि स्वतःला विचारा: या गोष्टीने कुणाचा फायदा होतो? दौरा सगळ्यांची आई ठरते. सात जण औरस ठरतात. शेजारचे, त्यांतले काही चांगले बलाढ्य, दासीपुत्र ठरतात. इतकंच नाही, परंपरा सातांना कामंही वाटून देते: कानो आणि रानोकडे कापड आणि नीळ, कात्सिना आणि दौऱ्याकडे बाजार, गोबिरकडे उत्तरेच्या सीमेवरची लढाई, झाझाऊकडे गुलाम पुरवणं. म्हणजे वंशावळीच्या रूपात इथे एक आर्थिक आणि राजकीय नकाशा काढून ठेवला आहे. त्या नकाशात गुलाम पुरवणं हे काम इतर कामांइतक्याच सहज येतं, हेही नजरेआड करू नका.

आणखी एक गंमत. सापाचं नाव सार्की. हौसात सार्की म्हणजे राजा. म्हणून दौऱ्याच्या गादीवरच्या माणसाला "माकास सार्की", सार्कीला मारणारा, अशी पदवी होती. एका जुन्या सत्तेचा शेवट गोष्टीत सापाच्या रूपाने शिल्लक राहिलाय का? तसा अर्थ लावणारे अभ्यासक आहेत. मला तो अर्थ आकर्षक वाटतो, पण तो अर्थ आहे, पुरावा नव्हे.

बायाजिद्दा हा खरा कुणी माणूस होता असं दाखवायचे प्रयत्नही झाले. १९६६ मध्ये हॅलम या अभ्यासकाने त्याचा संबंध अबू याझिदशी जोडला. उत्तर आफ्रिकेत फातिमी सत्तेविरुद्ध बंड करणारा हा माणूस ९४७ मध्ये मारला गेला. नावं जुळतात, काळही ढोबळ जुळतो. पण नाव जुळणं म्हणजे काय असतं? हौसा लोक स्वतः या नावाची फोड "बा या जी दा" अशी करतात, म्हणजे "याला पूर्वी कळत नव्हतं", भाषा येत नसलेला परका. दोन्ही व्युत्पत्ती ऐकायला छान आहेत. त्या छान आहेत म्हणूनच जपून.

अठराशे बाराची दुसरी गोष्ट

दंतकथेची एकच आवृत्ती वाचून लिहायला बसू नये, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. १८०४ मध्ये गोबिरच्या राज्यात उस्मान दान फोदियो या फुलानी विद्वानाच्या नेतृत्वाखाली जिहाद सुरू झाला. हौसा राजे नावापुरते मुसलमान आहेत, अन्यायाचे कर लावतात, स्वतंत्र मुसलमानांना गुलाम करतात, असे त्याचे आरोप होते. १८०८ मध्ये गोबिरची राजधानी अल्कालावा पडली आणि एकेक करून जुनी घराणी जाऊन बहुतेक गाद्यांवर फुलानी अमीर आले. या सगळ्यांवर सोकोटोची खिलाफत उभी राहिली.

उस्मानचा मुलगा मुहम्मद बेलो याने १८१२ मध्ये 'इन्फाक अल-मैसूर' हा अरबी ग्रंथ लिहिला. त्यातही हौसांच्या उगमाची गोष्ट आहे. तिच्यात साप मारणारा वीर राजपुत्र नाही. तिथे हौसा राजे बावोचे वंशज आहेत आणि हा बावो बोर्नूच्या सुलतानाचा गुलाम आहे. अपवाद गोबिरचा: ते तेवढे स्वतंत्र कुळातले, इजिप्तच्या कोप्त लोकांपासून आलेले.

म्हणजे बावो दोन्हीकडे आहे. एकीकडे राणीचा मुलगा, दुसरीकडे गुलाम. लिहिणारा कोण, हे बघा. ज्यांनी हौसा राजांना नुकतंच गादीवरून उतरवलं, त्यांच्या बाजूचा सर्वांत हुशार माणूस ही वंशावळ नोंदवतो आहे. यावरून बेलोने ती रचली असं सिद्ध होत नाही. बोर्नूचं वर्चस्व सांगणारी जुनी आठवण त्याच्यापर्यंत पोचली असेल. पण या आठवणीची त्याला अडचण नव्हती, हे नक्की.

आणि राजपुत्राची सविस्तर गोष्ट? ती इंग्रजी अधिकारी एच. आर. पामर याच्या 'सुदानीज मेमॉयर्स'मधून, म्हणजे १९२८ मध्ये, जगभरच्या वाचकांपर्यंत गेली. दरम्यान काय झालं होतं? १९०३ मध्ये ब्रिटिशांनी कानो आणि सोकोटो घेतलं आणि त्यानंतर काही वर्षांतच दौऱ्याच्या गादीवर पुन्हा हौसा घराण्यातला माणूस बसवला. जवळपास शंभर वर्षं परागंदा राहिलेलं घराणं परत आलं. सगळ्या हौसा राज्यांची आई दौरा, ही गोष्ट त्या घराण्याला किती मोलाची असेल याचा अंदाज तुम्हीच करा. गोष्ट तेव्हा जन्मली असं मी म्हणत नाही, तुकडे जुनेच आहेत. पण ती आपल्या हातात ज्या घडीची आली, ती घडी त्या काळातली आहे. दौऱ्यावर काम करायचं असेल तर एम. जी. स्मिथ यांचं 'द अफेअर्स ऑफ दौरा' वाचल्याशिवाय पाऊल टाकू नका.

कानोची बखर

पुढचं साधन म्हणजे कानोचा राजवृत्तान्त. मी त्याला सरळ बखर म्हणते, कारण मराठी वाचकाला त्या एका शब्दात त्याचा स्वभाव कळतो. अरबीत लिहिलेला, लेखकाचं नाव नाही, एकेका राजाच्या कारकिर्दीवर एकेक परिच्छेद. सुरुवात बावोचा मुलगा बागौडा याच्यापासून, साल ९९९. शेवट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला. म्हणजे आज आपल्याकडे आहे ती संहिता सुमारे नऊशे वर्षांनंतरची आहे. राजवाड्यांनी बखरींना झोडपलं ते ज्या कारणांसाठी, ती सगळी कारणं इथे लागू होतात.

तरी ती टाकून देता येत नाही. बघा ना, बागौडा येण्याआधी कानोत कोण होतं हेही ती सांगते: डाला टेकडीवर बारबुशे नावाचा पुजारी आणि त्याचं दैवत. म्हणजे खुद्द बखरीतही बाहेरून आलेला राजा रिकाम्या जमिनीवर येत नाही. मग कोट बांधायला सुरुवात होते. चौदाव्या शतकात, याजीच्या कारकिर्दीत, पश्चिमेकडून वांगारा व्यापारी इस्लाम घेऊन येतात. पंधराव्या शतकात फुलानी विद्वान धर्मग्रंथ आणतात. आणि मुहम्मद रुम्फा (१४६३ ते १४९९) कोट वाढवतो, कुर्मी बाजार आणि नवा राजवाडा बांधतो. त्याचा राजवाडा, गिदान रुम्फा, आजही अमिराचं निवासस्थान आहे. रुम्फासाठी अल-मघिली या विद्वानाने राजनीतीवर ग्रंथ लिहिला, तो स्वतंत्रपणे उपलब्ध आहे. बखरीचा एखादा धागा बाहेरच्या साधनाला असा बांधता आला की तिथे पाय रोवून उभं राहता येतं. गोबिरचंही तसंच: १३५३ च्या सुमारास सहारातल्या ताकेद्दाला गेलेला इब्न बतूता सांगतो की तिथलं तांबं गोबिरकडे जातं.

आणि जिथे बांधता येत नाही तिथे काय होतं ते राणी अमिनाच्या बाबतीत दिसतं. झाझाऊची अमिना, नायजेरियात तिचे पुतळे आहेत, तिच्यावर मालिका-सिनेमे आहेत. कानोची बखर तिला दाऊदा राजाच्या काळात ठेवते, म्हणजे १४२१ ते १४३८. नुपेच्या राजाने तिला ४० खोजे आणि १०,००० कोला फळं पाठवली असं सांगते. झारियाच्या परंपरेनुसार मात्र ती बाक्वा तुरुंकूची मुलगी, म्हणजे सोळाव्या शतकातली. शंभराहून अधिक वर्षांचा फरक! ती झालीच नाही असं म्हणायला कारण नाही, बेलोही तिचा उल्लेख करतो. पण "अमिना (१५३३ ते १६१०)" असे नेटवर फिरणारे नेमके आकडे प्रबंधात उतरवाल तर व्हायव्हात पहिला प्रश्न त्यावरच येईल, आणि यायलाच हवा.

भाषा काय सांगते

बगदादच्या गोष्टीला सर्वांत जड जातो तो भाषेचा पुरावा. पण तो नीट मांडायला हवा, कारण वरवर पाहिलं तर भाषा उलट बगदादच्या बाजूने साक्ष देते असं वाटतं.

हौसात अरबी शब्द ढीगभर आहेत. न्यायाधीश म्हणजे अल्काली, बातमी म्हणजे लाबारी, प्रतिनिधी म्हणजे वाकिली, कांदा म्हणजे अल्बासा. पहिले तीन ओळखीचे वाटले? वाटणारच: आपले काझी, अखबार आणि वकील हे तेच अरबी शब्द, दुसऱ्या वाटेने आलेले. आता मराठीत काझी आणि वकील आहेत म्हणून मराठी माणूस अरबस्तानातून आला असं कुणी म्हणेल का? उसने शब्द संपर्क सांगतात, वंश सांगत नाहीत. संपर्काचा मार्गही ते सांगतात. जोसेफ ग्रीनबर्गने १९६० मध्ये दाखवलं की हौसातले कारातू (वाचन) आणि रुबुतू (लेखन) हे शब्द थेट अरबीतून आलेले नाहीत, त्यांच्यावर बोर्नूच्या कनुरी भाषेचा ठसा आहे. बिर्नी म्हणजे तटबंदीचं शहर आणि कासुवा म्हणजे बाजार, हेही कनुरीकडचेच. शहर, बाजार, वाचन, लेखन! बोर्नूचं ऋण दंतकथेत सासुरवाडीच्या रूपाने येतं, शब्दकोशात ते असं उघडं पडतं.

आता दुसऱ्या प्रकारचं साम्य. हौसात समोरच्या पुरुषाला "का" आणि स्त्रीला "की" अशी वेगळी सर्वनामं लागतात. अरबीतही तेच. चारला हौसा म्हणते हुडू; प्राचीन इजिप्शियनमध्ये चार म्हणजे फ-द-व. मरणे म्हणजे मुतू, अरबीत माता. असे शब्द आणि व्याकरणाचे असे तुकडे सहसा बाजारातून येत नाहीत. हे नातं खरं आहे, पण ते हजारो वर्षांपूर्वीचं आहे: अरबी, इजिप्शियन, बर्बर आणि हौसा ही सगळी आफ्रो-आशियाई कुळातली. या कुळात हौसा बसते ती चाडिक शाखेत. त्या शाखेत दीडशेहून अधिक भाषा आहेत आणि त्या चाड सरोवराच्या आसपासच बोलल्या जातात. हौसाचे जवळचे भाऊबंद सापडतात जोस पठाराच्या आजूबाजूला, अंगास आणि बोले यांसारख्या छोट्या समाजांत. भाषेच्या बाजूने उत्तर स्वच्छ आहे: ती इथलीच.

हे आज सोपं वाटतं, पण त्यामागे मोठी लढाई झालेली आहे. वसाहतकाळात मेनहॉफसारखे भाषातज्ज्ञ हौसाला "हॅमिटिक" भाषांत घालत, आणि सेलिगमनच्या 'रेसेस ऑफ आफ्रिका' (१९३०) या पुस्तकात तर आफ्रिकेतली संस्कृती म्हणजे बाहेरून आलेल्या गोऱ्या हॅमाइटांची देणगी असं मांडलेलं होतं. कोट, बाजार, ग्रंथ असलेली कानोसारखी शहरं काळ्या माणसांनी स्वतः उभारली हे मान्य करण्यापेक्षा एक बगदादी राजपुत्र मान्य करणं साहेबाला सोयीचं होतं. ग्रीनबर्गच्या वर्गीकरणाने ती हॅमिटिक पेटीच मोडून टाकली. म्हणून मी म्हणते की सिनॉप्सिसमधलं ते बिनधास्त वाक्य निरुपद्रवी नाही. तुम्हाला नकळत तुम्ही सेलिगमनच्या रांगेत जाऊन बसता.

(नुसत्या उच्चारसाम्याचा मोह होऊ नये म्हणून एक औषध: सार्की म्हणजे राजा, आपली सरकी म्हणजे कापसाचं बी, आणि हौसाभूमी कापसासाठी प्रसिद्ध. उस्मान दान फोदियोचं जन्मगाव तर मरात्ता. लिहा बरं यावर पेपर!)

मग राज्यं उभी कशी राहिली? याचं उत्तर एखाद्या राजपुत्रापेक्षा ज्वारी-बाजरी, लोखंड, नीळ आणि कोट यांत शोधावं लागतं. जे. ई. जी. सटन यांनी १९७९ च्या लेखात हौसांचा प्रसार हा मुख्यतः शेती आणि भाषेचा प्रसार म्हणून वाचला: पूर्वेकडच्या छोट्या भागातून पश्चिमेकडे, हळूहळू दुसऱ्या लोकांना सामावून घेत. एवढ्या मोठ्या प्रदेशात हौसाच्या बोलींमध्ये फरक तसा कमी आहे, यावरूनही प्रसार फार जुना नसावा असं दिसतं. कोटाच्या आत घरंच नसत, शेतंही असत, म्हणजे वेढा पडला तरी काही काळ निभावे. १८५१ मध्ये कानोत आलेल्या हाइनरिख बार्थने शहराची वस्ती ३०,००० धरली, व्यापाराच्या हंगामात दुप्पट. आणि तिथून बाहेर जाणाऱ्या कापडाची किंमत वर्षाला निदान ३० कोटी कवड्या. त्याच्याच अंदाजाने कानो प्रांतात गुलामांची संख्या स्वतंत्र माणसांएवढी होती. बार्थचं पहिलं वाक्य उद्धृत करून दुसरं गाळणारे लेख मी बरेच पाहिलेत.

जिहादनंतरची गोष्ट दंतकथेइतकीच नवलाची आहे. फुलानी जिंकले आणि त्यांची शहरी पिढी बघता बघता हौसा बोलू लागली. उस्मानची मुलगी नाना अस्माऊ हिने अरबी आणि फुलफुल्देबरोबर हौसातही कविता लिहिल्या, अरबी लिपीत. हौसा लिहायच्या या पद्धतीला अजामी म्हणतात. रोमन लिपीतली ती बोको. "बोको" हा इंग्रजी "बुक"वरून आला असं सगळीकडे छापलेलं असतं. पॉल न्यूमनने २०१३ मध्ये दाखवलं की तो अस्सल हौसा शब्द आहे, अर्थ खोटं, दिखाऊ, आणि वसाहतीच्या शाळांना तो चिकटला.

शेवटी एक कामाची सूचना. १८०४ च्या बाबतीत जिंकलेल्यांचं लेखन भरपूर आहे आणि बरंचसं छापलेलंही आहे. हरलेल्यांचं शोधावं लागतं. गोबिरचे, कात्सिनाचे, झाझाऊचे राजे परागंदा होऊन नव्या गावांत गेले आणि तिथे त्यांनी आपल्या आठवणी जपल्या. झाझाऊच्या घराण्याने दक्षिणेला जे गाव वसवलं त्याचं नाव अबुजा. मालम हसन आणि शुआइबू यांनी लिहिलेला 'अ क्रॉनिकल ऑफ अबुजा' १९५२ मध्ये इंग्रजीत आला, तो या बाजूने लिहिलेला आहे. ग्रंथालयाच्या सूचीत शोधताना मात्र लक्ष असू द्या: १९७६ मध्ये नायजेरियाने नव्या राजधानीसाठी हे नाव घेतलं आणि त्या जुन्या गावाचं नाव सुलेजा झालं. नकाशावर ते तुम्हाला सुलेजा म्हणूनच सापडेल.